खणात ठेवलेला रिपोर्ट

वाचकाचं पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी २७ वर्षांचा आहे. चाकणच्या एका कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करतो, घर सांगली जिल्ह्यात. गेलं वर्षभर अंगात जीव नसल्यासारखं वाटतं. आठ तास झोपलो तरी झोप पुरत नाही. वजन ७२ वरून ८१ किलोवर गेलं. पोट साफ होत नाही. केस गळतात म्हणून मित्राने सांगितलेल्या बायोटिनच्या गोळ्या घेतो. रूमवर सगळे पंखा लावून झोपतात, मी पांघरूण घेऊन. वडील म्हणतात, मोबाईल कमी कर, आळस जाईल. कंपनीच्या वार्षिक तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, ८.२ आला. नाइट संपवून सकाळी सातला रक्त दिलं होतं. आईला नऊ वर्षांपासून थायरॉइड आहे. तिच्याच डबीतली गोळी सुरू करावी असं मनात येतं, कारण ‘मला थायरॉइड आहे’ असं सांगायची लाज वाटते. हा तर बायकांचा आजार. त्यात घरी स्थळं बघणं चालू आहे. रिपोर्ट दोन महिने कपाटाच्या खणात पडून आहे. काय करू?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं पंखा आणि पांघरुणाचं वाक्य मनात राहिलं. माझ्याकडे येणारे बहुतेक तरुण ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगून गप्प होतात. थंडी वाजते का, शौचाला कसं होतं, आवाज बसल्यासारखा वाटतो का, हे एकेक करून विचारावं लागतं. तुम्ही ते न विचारता लिहिलंत. ज्याचं स्वतःच्या शरीराकडे इतकं लक्ष आहे, त्याच्यावर आळसाचा शिक्का मारायची मला घाई नाही. तुम्हीही करू नका.

आधी ‘बायकांचा आजार’ याबद्दल बोलू, कारण रिपोर्ट खणात जाऊन पडला तो त्यामुळेच. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. थायरॉइडचं काम मंदावणं हे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा पाच ते आठ पट जास्त दिसतं. ग्रंथी जास्त चालण्याच्या आजाराचं वर्णन डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये केलं, ते तीन स्त्रियांचं. शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते त्या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये ज्या चार रुग्णांबद्दल लिहिलं, त्याही चारही बायकाच. तेव्हापासून या आजाराचा चेहरा बाईचाच राहिला. पण ग्रंथी प्रत्येकाच्या गळ्यात आहे, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखी पसरलेली. पुरुषांमध्ये बिघाड कमी वेळा होतो इतकंच. आणि ‘कमी वेळा’ हे ज्याला झालंय त्याच्या काय कामाचं?

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एखाद्या बाईचे केस गळू लागले, वजन वाढलं, की शेजारीण, जाऊ, मावशी, कुणी ना कुणी म्हणतं, ‘अगं, थायरॉइड तपासून घे एकदा.’ गरोदरपणात तर बऱ्याच ठिकाणी ही तपासणी होतेच. तरुण मुलाला याच तक्रारींवर काय सांगतात? जिम लाव, रात्री जागू नको, लग्न झालं की होईल सगळं नीट. त्यामुळे पुरुषांचं निदान बऱ्याचदा तेव्हा होतं, जेव्हा चेहरा सुजलेला असतो, कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं आणि जिना चढताना मांड्या भरून येत असतात. तुम्ही त्या टप्प्याच्या बरेच अलीकडे आहात. कंपनीच्या तपासणीचे त्याबद्दल आभारच मानायला हवेत.

आता तो ८.२.

तुम्ही लाइनवर काम करता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. थायरॉइड ग्रंथी माल काढते. त्या मालाचं नाव टी-४, आणि त्याहून थोडा टी-३. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती सुपरवायझर. टीएसएच म्हणजे तिचा आवाज. माल कमी पडू लागला की सुपरवायझरचा आवाज चढतो, माल जास्त झाला की ती गप्प बसते. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर ग्रंथी मंद असते आणि टीएसएच खाली गेला असेल तर ग्रंथी धावत असते. हे उलटं गणित अनेकांना कळत नाही. रिपोर्टवर आकड्यापुढे ‘एच’, म्हणजे ‘हाय’, दिसला की लोक म्हणतात, थायरॉइड वाढलंय. खरं तर ते कमी पडत असतं.

साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ पर्यंतचा टीएसएच ठीक मानतात. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. तुमचा ८.२, म्हणजे सुपरवायझरचा आवाज चढलेला आहे. पण माल किती निघतोय हे तुम्ही कळवलेलंच नाही. त्या तपासणीत बहुधा नुसता टीएसएच केला असावा. फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळा असलेला टी-४, नॉर्मल असेल तर गोष्ट एक, आणि तोही घसरलेला असेल तर गोष्ट अगदी निराळी.

शिवाय तुमच्या पत्रातल्या दोन लहान तपशिलांमुळे मला हा आकडा जसाच्या तसा धरवत नाही. पहिला, नाइट संपवून रक्त देणं. टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री तो चढतो, दुपारी उतरतो. झोप त्या चढाला आवर घालते आणि जागरणात तो आणखी वर जातो. रात्रभर जागून सकाळी सातला दिलेल्या रक्तात थोडी वाढ त्या जागरणाचीही असू शकते. दुसरा, बायोटिन. केसांच्या गोळ्यांमध्ये ते बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. अनेक लॅबच्या मशीनमधली तपासणीची पद्धत बायोटिनने फसते. टीएसएच असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि टी-४ असतो त्यापेक्षा जास्त. माणूस ठणठणीत असतो आणि कागदावर मात्र ग्रंथी धावताना दिसते. तुमच्या बाबतीत एक गोष्ट आकडा वर ओढणारी आणि दुसरी खाली ओढणारी. मग खरा आकडा कुठे आहे? हे पुन्हा तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. दोन महिने उलटून गेलेच आहेत, आणि असा टीएसएच आला की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचा असतोच. त्यामुळे वेळ वाया गेला असं समजू नका.

तपासणी अशी करा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, निदान दोन-तीन रात्री नीट झोप झाल्यावर, वीकली ऑफच्या सकाळी आठ-नऊच्या सुमाराला रक्त द्या. पुढे कधी पुन्हा करायची वेळ आली तर तीच वेळ, शक्यतो तीच लॅब. बायोटिन निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. मी तर आठवडाभर बंद ठेवा म्हणेन, कारण ते विसरायला होतं. सर्दी-ताप येऊन गेला असेल तर बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या, आजारपणातही हे आकडे हलतात. टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ या तीन तपासण्या पुरेत. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आली तर प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे आणि पुढे ग्रंथी आणखी मंदावण्याची शक्यता जास्त, असा अर्थ. आईला थायरॉइड आहे, त्यामुळे ही तपासणी तुमच्यासाठी महत्त्वाची. गळ्याला गाठ लागत नसेल तर लगेच सोनोग्राफीच्या मागे लागू नका. पॅकेजमध्ये ती गळ्यात मारली जाते आणि निरुपद्रवी बारीक गाठी दिसून माणूस उगीच घाबरतो.

त्याच रक्तातून हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या. का, ते सांगते. थायरॉइडमुळे वजन वाढतं, पण फार नाही. दोन ते पाच किलो, आणि त्यातही बराचसा भाग अंगात साचलेल्या मीठ-पाण्याचा. तुमचे नऊ किलो सगळेच्या सगळे त्या ग्रंथीच्या माथी मारता येणार नाहीत. रूमवर कुणी तुम्हाला घोरताना, मध्येच श्वास अडकताना बघितलंय का? विचारून बघा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचीही आठ तासांत झोप पुरत नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ कमी असणं अगदी सर्रास दिसतं. आणि एक प्रश्न मी प्रत्येक थकलेल्या तरुणाला विचारते, तो तुम्हालाही विचारते: पूर्वी ज्यात रमायचात, त्यात हल्ली मन लागतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मंद थायरॉइडमुळे मन खचतं आणि नैराश्यामुळे अंग जड होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

रिपोर्ट हातात आला की कुठल्याही चांगल्या फिजिशियनकडे जा. टीएसएच १० च्या वर किंवा फ्री टी-४ कमी असेल तर बहुधा गोळी सुरू होईल. टीएसएच १० च्या आत आणि टी-४ नॉर्मल असेल तर अनेकांचा आकडा पुढच्या तपासणीत आपोआप ठीक येतो. कधी वाट बघतात, कधी अँटी-टीपीओ आणि त्रास बघून काही महिने गोळी देऊन बघतात. यात एकच बरोबर उत्तर नाही, समोर बसून ठरवायची गोष्ट आहे. एक विनंती मात्र आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट नुसता वाचून चिठ्ठी लिहिली तर नम्रपणे म्हणा, ‘डॉक्टर, एकदा गळा तपासाल का?’ गळा बघून झाला की मी पेशंटला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसवते आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीने हलकंच टक् करते. पाऊल झटकन हलतं, ते सगळ्यांचंच. पण ग्रंथी मंद असलेल्या माणसाचं पाऊल परत जागेवर येताना रेंगाळतं, दार हळूहळू मिटावं तसं. एकदा बघितलं की विसरत नाही.

आईच्या डबीतल्या गोळीला हात लावू नका. तिचा डोस तिच्या वजनाला, वयाला आणि तिच्या ग्रंथीत किती दम उरलाय त्याला धरून ठरलेला आहे. शिवाय तपासणीच्या आधी गोळी घेतलीत तर खरा आकडा झाकला जाईल आणि पुढचे दोन महिने कुणालाच काही कळणार नाही. गरज नसताना घेतली तर छातीत धडधडेल, झोप उडेल. जिममध्ये ‘कटिंग’साठी, म्हणजे चरबी उतरवायला, टी-३ च्या गोळ्या खाणारी मुलं मी बघितली आहेत. फॅट-बर्नर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांतही थायरॉइडचं हार्मोन सापडलेलं आहे. असं काही घेत असाल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा. त्या माहितीशिवाय तुमचा रिपोर्ट कुणालाही नीट वाचता येणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतर तरुणांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी, नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रंथी धावू लागते तेव्हा काय होतं?

कित्येक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी काम करत होते. एका पहाटे २४ वर्षांच्या मुलाला जीपमध्ये आडवं घालून आणलं. आदल्या दिवशी चुलत भावाचं लग्न झालं होतं. दिवसभर पळापळ, रात्री पोटभर पुरी-जिलेबी, मग मांडवातच आडवा झाला. पहाटे चारला लघवीला उठायला गेला तर पाय उचलेनात. घरचे म्हणत होते, अंगावरून वारं गेलं. बोलणं स्वच्छ होतं, तोंड वाकडं नव्हतं, पण दोन्ही पाय पाण्यात भिजलेल्या कापडासारखे. रक्तातलं पोटॅशियम २.१ निघालं, ते ३.५ च्या वर हवं. पोटॅशियम दिलं आणि दुपारपर्यंत तो भिंतीला धरून चालू लागला. संध्याकाळी मी त्याला हात पुढे करायला लावले आणि पसरलेल्या बोटांवर केसपेपरचा कागद ठेवला. कागद थरथरत होता. तेव्हा कुठे मी वजनाचं विचारलं. तीन महिन्यांत आठ किलो उतरलं होतं, भूक दुप्पट असताना. घरच्यांना वाटलं, लग्नाच्या धावपळीने झालं. वजनाचा प्रश्न मी सकाळीच विचारायला हवा होता, ही रुखरुख मला अजून आहे. टीएसएच जवळजवळ शून्य आला.

ग्रंथी जास्त चालण्याचा आजारही बायकांनाच जास्त होतो. पण त्यातला हा पाय लुळे पडण्याचा प्रकार मुख्यतः पुरुषांनाच होतो, बहुतेक २० ते ४० या वयात, आणि आशियाई पुरुषांत अधिक. जड गोडधोड जेवण किंवा भरपूर अंगमेहनत, त्यानंतर विश्रांती, आणि मग पहाटेचा झटका. अशा वेळी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावायचा आग्रह कुणी धरू नये. त्याने पोटॅशियम आणखी खाली जातं. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि पोटॅशियम तपासायला सांगा.

म्हणून भूक चांगली असून वजन उतरत असेल, बसल्या जागी छातीत धडधडत असेल, हात कापत असतील, सगळ्यांना बरं वाटत असताना एकट्याला उकडत असेल, दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागत असेल, छातीचा भाग बायकांसारखा भरल्यासारखा वाटत असेल, तर ‘टेन्शन आहे’ असं म्हणून सोडून देऊ नका. डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले आणि माणूस सिगारेट ओढत असेल तर ती आजच थांबवा. या आजारात सिगारेटने डोळे जास्त बिघडतात.

आणि गळा बघा. दाढी करताना आरशासमोर मान जरा वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याखाली नजर ठेवा. गिळताना वर-खाली होणारा फुगवटा किंवा गाठ दिसली तर दाखवून घ्या. पुरुषांना गाठी कमी होतात, पण झालेल्या गाठींमध्ये कॅन्सर निघायचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं. गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळताना अडकत असेल तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

आता स्थळांबद्दल. तुम्ही मोकळेपणाने लिहिलं नाहीत, पण ‘त्यात घरी स्थळं बघणं चालू आहे’ या वाक्यामागे आणखी एक भीती मला दिसते. ग्रंथी बिघडली की पुरुषाची इच्छा कमी होऊ शकते, ताठरतेचा त्रास होऊ शकतो, वीर्याच्या तपासणीत फरक पडू शकतो. हे खरं आहे. आणि उपचाराने ग्रंथी ताळ्यावर आली की हे सहसा सुधारतं, हेही तितकंच खरं. असा काही त्रास होत असेल तर त्यासाठी जाहिरातीतल्या पुड्या घेऊ नका, तपासणीच्या वेळीच सांगा. मंद थायरॉइडचा माणूस रोज एक गोळी घेऊन नोकरी, संसार, मुलंबाळं, नाइट शिफ्टसुद्धा, सगळं करतो.

मुलीकडच्यांना सांगायचं का? आधी निदान होऊ द्या. आज तुमच्याकडे सांगण्यासारखा एक अर्धवट आकडा आहे, आजार नाही. निदान झालं आणि गोळी सुरू झाली तर बोलणी पुढे जातील तेव्हा त्या मुलीला स्वतः सांगा, साध्या शब्दांत. लग्नानंतर रोज पहाटे चोरून गोळी घेणारा नवरा तिला दिसला तर गोळीपेक्षा ते लपवणं तिला जास्त लागेल. आणि ऐकून एखाद्या घराने नाही म्हटलं तर? वाईट वाटेल. पण मला ते अपयश वाटत नाही. आपल्याकडे मुलींनी हाच आजार लपवून लग्नं केली आणि पुढे वर्षानुवर्षं टोमणे खाल्ले. मुलगे सांगू लागले तर त्या मुलींनाही सांगणं थोडं सोपं जाईल, असं मला मनापासून वाटतं.

वडिलांशी वाद घालू नका. नवा रिपोर्ट आला की तो त्यांच्यासमोर ठेवा आणि टीएसएच म्हणजे काय ते सुपरवायझरच्या भाषेत सांगा.

पण त्याआधी आईशी बोला. या विषयातलं घरात सगळ्यात जास्त तिलाच कळतं, आणि बहुधा तिला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा काय काय होत होतं, किती दिवस तिने अंगावर काढलं, जुने रिपोर्ट आहेत का, हे विचारा. मामा, आजोबा, कुणा पुरुषाला त्रास होता का, कुणाला कोड किंवा लहानपणापासूनचा मधुमेह आहे का, तेही विचारा. हे आजार घरात एकत्र फिरतात. पुढे गोळी घ्यायची वेळ आलीच तर ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी, आणि डोस बरोबर आहे का हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. यातलं अर्धं ती तुम्हाला तोंडपाठ सांगेल. ती चहा घ्यायची कधी विसरत असेल, पण उशाशी ठेवलेली ती पांढरी डबी विसरत नसेल. येत्या रविवारी गावी जाणार असाल तर रिपोर्ट खणातून काढून बॅगेत टाका.